संगणकाच्या स्मृतिपट्ट्यांचा बेबनाव

एखादे यंत्र बंद पडले म्हणजे त्याचा कोणता तरी भाग मोडला असला पाहिजे, अशी आपली स्वाभाविक समजूत असते. शिवणयंत्राची सुई मोडते, सायकलीची साखळी तुटते, पंख्याचे वेटोळे जळते; तो भाग बदलला की यंत्र पूर्ववत् चालू लागते. संगणकाच्या बाबतीत मात्र कधी कधी असा प्रसंग येतो की, एकही भाग मोडलेला नसतो, प्रत्येक भाग वेगळा काढून तपासला तर निर्दोष ठरतो, आणि तरीही यंत्र दिवसातून चार वेळा कोसळते. स्मृती वाढविण्याच्या हेतूने जुन्या स्मृतिपट्टीच्या शेजारी निराळ्या जातीची नवी पट्टी बसविली असता जो बिघाड उद्भवतो, तो पुष्कळदा या प्रकारचा असतो. दोष एका पट्टीत नसतो, तसा दुसरीतही नसतो. तो दोघींच्या एकत्र नांदण्यात असतो.

विवेचन सोपे व्हावे म्हणून एक उदाहरण कल्पून चालू. दिल्लीच्या पूर्वेस, यमुनेच्या पलीकडच्या तीरावर मयूर विहार ही वसाहत आहे. तेथील एका सहकारी गृहसंस्थेच्या लहानशा वाचनालयात एक संगणक आहे असे धरा. पुस्तकांची सूची, सभासदांची वर्गणी, देवघेवीची नोंद ही सर्व त्यावरच होते. त्यात ८ गिगाबाइटची एक स्मृतिपट्टी आहे. बाजारात हिलाच नुसते ‘रॅम’ म्हणतात. ती डीडीआर ४ या पिढीची असून तिच्यावर २४०० हा आकडा छापलेला आहे. संगणक मंद चालू लागला म्हणून एक उत्साही सभासद मेट्रोने लजपतनगरमार्गे नेहरू प्लेसला गेला, आणि तेथील संगणकबाजारातून ८ गिगाबाइटचीच दुसरी पट्टी घेऊन आला. पिढी तीच, परंतु आकडा ३२००. खोबणीत ती बिनतक्रार बसली, संगणकाने १६ गिगाबाइट स्मृती दाखविली, आणि नवी पट्टी पूर्ण वेगाने चालावी म्हणून त्या सभासदाने प्रारंभिक मांडणीत ३२०० हा वेग हाताने भरला. दोन दिवस सर्व काही सुरळीत चालले. तिसऱ्या दिवशी सूची छापताना पडदा एकाएकी निळा झाला व यंत्र आपोआप पुन्हा सुरू झाले. चौथ्या दिवशी कोणी काही करीत नसतानाच ते गोठले.

जुनी पट्टी ठेवून नवी शेजारी बसविण्याचा मोह समजण्यासारखा आहे. सन २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रसामग्रीसाठी स्मृतीची मागणी एवढी वाढली की किमती झपाट्याने चढल्या. अशा वेळी चालती पट्टी काढून टाकून नवी जोडी घेण्याचा सल्ला शाळेला अगर वाचनालयाला देणे सोपे नाही. म्हणूनच या मिश्रणात नेमके काय घडते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम ही स्मृती म्हणजे काय, ते पाहू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली विधिपूर्वक कार्यान्वित झालेला आणि १९६२ साली पंडित जवाहरलाल नेहरूंनी ज्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले, तो संगणक ४० बिटांचे एक अशी २०४८ पदे लक्षात ठेवू शकत असे. बिट म्हणजे शून्य किंवा एक यांपैकी कोणता तरी एक अंक. ही स्मृती फेराइट नावाच्या चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्यांची होती. कडे एका दिशेने चुंबकित झाले म्हणजे शून्य, उलट दिशेने झाले म्हणजे एक. टिफ्रॅकची सारी स्मृती मिळून ८१,९२० बिटे होत. वाचनालयातील एका पट्टीत तिच्या सुमारे ८ लक्ष ३९ हजार पट बिटे मावतात. एवढी मोठी मजल कडी लहान करून गाठता आली नसती. त्यासाठी तत्त्वच बदलावे लागले.

हे नवे तत्त्व अमेरिकेतील आयबीएम कंपनीचे अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधले व १९६८ साली त्यांस त्याचे पेटंट मिळाले. त्यांच्या रचनेत एका बिटासाठी एक ट्रँझिस्टर आणि विद्युत्‌भार साठविणारे एक धारित्र एवढेच लागते. धारित्र भारित असेल तर एक, रिकामे असेल तर शून्य. इंटेल कंपनीने १९७० साली बाजारात आणलेल्या ११०३ या चिपमध्ये १०२४ बिटे होती. आज एका चिपमध्ये अब्जावधी असतात. या रचनेला एक उणेपण मात्र जन्मापासून चिकटलेले आहे. धारित्र हे गळक्या घागरीसारखे असते. त्यातील भार झिरपून जातो. म्हणून प्रत्येक बिट ठराविक काळात एकदा वाचून पुन्हा भरावे लागते. डीडीआर ४ पिढीत हा काळ ६४ मिलिसेकंद आहे, आणि चिपचे तापमान ८५ अंश सेल्सियसच्या वर गेल्यास तो निम्मा करावा लागतो, कारण उष्णतेने गळती वाढते. शिवाय वाचण्याच्या क्रियेनेच भार नाहीसा होतो, तेव्हा वाचलेले लगेच पुन्हा लिहावे लागते. टिफ्रॅकची कडीही वाचताना पुसली जात व पुन्हा लिहावी लागत; त्या बाबतीत साठ वर्षांत फरक पडलेला नाही. परंतु कड्यांतील मजकूर वीज गेली तरी टिकत असे. धारित्रांतील टिकत नाही.

यावरून ध्यानात येईल की, आजची स्मृती ही शांत पडून राहणारी कोठी नव्हे. ती अखंड रिकामी होणारी आणि अखंड भरली जाणारी वस्तू आहे, आणि तिचे सारे यश वेळेच्या काटेकोरपणावर अवलंबून आहे. अमुक ओळ उघडण्याचा हुकूम दिल्यापासून तमुक वेळाने मजकूर मिळेल, ओळ मिटल्यावर दुसरी उघडण्यापूर्वी एवढी विश्रांती हवी, पुनर्भरणास एवढा काळ लागेल, अशा कितीतरी वेळा प्रत्येक पट्टीसाठी ठरलेल्या असतात. त्या पाळवून घेण्याचे काम प्रोसेसरमधील स्मृतिनियंत्रक करतो.

नियंत्रकाला या वेळा कशा कळतात? प्रत्येक पट्टीवर मोठ्या चिपांच्या जोडीला एक चिमुकली चिप असते. डीडीआर ४ मध्ये तिच्यात ५१२ बाइट माहिती असते. पट्टीचा निर्माता, तिची क्षमता, तिचा वेग, तिला लागणारा दाब, तिच्या सर्व वेळा, हे सारे तीत लिहून ठेवलेले असते. तिला पट्टीची जन्मपत्रिका म्हणावयास हरकत नाही. संगणक सुरू होताच मदरबोर्डवरील प्रारंभिक प्रणाली, म्हणजे बायॉस, प्रत्येक खोबणीतील पत्रिका वाचते आणि सर्वांना झेपेल असा वेग व अशा वेळा निवडते. एक पट्टी २४०० ची व दुसरी ३२०० ची असेल, तर दोघींना २४०० वर चालविणे हा तिचा सरळ मार्ग होय. बहुसंख्य मिश्रणे या मार्गाने वर्षानुवर्षे विनातक्रार चालतात, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. भिन्न पट्ट्या एकत्र बसविणे म्हणजे संकटाला आमंत्रण, असे जे सरसकट म्हटले जाते ते खरे नव्हे. परंतु पत्रिका जुळली म्हणजे संसार सुखाचा होतोच असे नाही, हा अनुभव येथेही येतो.

आपल्या उदाहरणातील सभासदाने तर पत्रिका बाजूलाच सारली. त्याने काय केले ते हिशेबाने पाहू. २४०० या आकड्याचा अर्थ असा की, प्रत्येक तारेवरून सेकंदाला २४० कोटी बिटे जातात. पट्टीच्या घड्याळाचे ठोके त्याच्या निम्मे असतात, म्हणजे एक ठोका ०.८३३ नॅनोसेकंदाचा. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. जुन्या पट्टीच्या पत्रिकेत लिहिले आहे की, मजकूर मागितल्यापासून तो हाती येण्यास १७ ठोके, म्हणजे सुमारे १४.१७ नॅनोसेकंद लागतात. नव्या पट्टीचा ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा असून तिला २२ ठोके, म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद पुरतात. ३२०० चा वेग दोघींवर लादताच जुन्या पट्टीलाही १३.७५ नॅनोसेकंदांतच उत्तर देणे भाग पडले. तुटीचा आकडा ०.४२ नॅनोसेकंदाचा. कारखान्यात प्रत्येक पट्टीला थोडी सवलत राखलेली असते, त्यामुळे ती बहुतेक वेळा उत्तर वेळेवर देतेही. पण हजारात, लाखात, कोटीत एकदा तिला उशीर होतो, आणि नियंत्रक त्या क्षणी तारेवर जे असेल ते खरे मानून घेतो. संगणक दोन दिवस का चालला आणि तिसऱ्या दिवशी का कोसळला, याचे मर्म येथे आहे. पूर्णपणे अयोग्य पट्टी बसविली असती तर यंत्र सुरूच झाले नसते व दोष पाच मिनिटांत सापडला असता. काठावर चालणारी पट्टी अधिक त्रास देते.

हाताने वेग न भरताही असेच घडू शकते. अनेक पट्ट्यांच्या पत्रिकेत प्रमाणित वेळांखेरीज एक अधिक वेगवान तयार मांडणी लिहिलेली असते; तिला एक्सएमपी म्हणतात. डीडीआर ४ चा प्रमाणित दाब १.२ व्होल्ट आहे, तर या मांडणीत तो बहुधा १.३५ व्होल्ट असतो. दुकानात डब्यावर मोठ्या अक्षरांत जो वेग छापतात तो पुष्कळदा याच मांडणीचा असतो. एका पट्टीची ही मांडणी चालू केली म्हणजे काही मदरबोर्ड ती सर्व पट्ट्यांना लागू करतात. दुसरीला ती झेपो वा न झेपो.

पुनर्भरणाच्या वेळेतही फरक असतो, आणि याची दखल फारसे कोणी घेत नाही. ८ गिगाबाइटची एक पट्टी ४ गिगाबिटच्या सोळा चिपांची असू शकते, दुसरी ८ गिगाबिटच्या आठ चिपांची, तिसरी १६ गिगाबिटच्या चार चिपांची. बाहेरून तिन्ही ‘८ जीबी’. परंतु डीडीआर ४ मध्ये एका पुनर्भरणास ४ गिगाबिटच्या चिपला २६० नॅनोसेकंद लागतात, ८ गिगाबिटच्या चिपला ३५०, आणि १६ गिगाबिटच्या चिपला ५५०. नियंत्रकाने सर्वांसाठी ३५० हा आकडा धरला तर तिसऱ्या पट्टीचे भरणे पुरे होण्यापूर्वीच तिला पुढील हुकूम मिळेल. चांगली प्रारंभिक प्रणाली सर्वांत मोठा आकडा निवडते. ज्यांनी वेळा हाताने भरल्या त्यांची मात्र येथे हमखास फसगत होते. एकाच नावाच्या, एकाच क्रमांकाच्या दोन पट्ट्यांतसुद्धा निरनिराळ्या कारखान्यांच्या चिपा असू शकतात. पट्ट्या विकणाऱ्या कंपन्या पुष्कळ असल्या तरी जगातील बहुतेक स्मृतिचिपा सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवितात, आणि विक्रेता कंपनी मिळेल त्या चिपा लावते. जोडी म्हणून एकत्र विकल्या जाणाऱ्या पट्ट्या एकत्र तपासून एकाच डब्यात घातलेल्या असतात. जोडीची किंमत थोडी अधिक पडली तरी ती याचसाठी मोजावयाची.

आणखी एक कारण वेळेचे नसून वाटेचे आहे. ३२०० च्या वेगाने एक बिट तारेवर ३१२.५ पिकोसेकंद, म्हणजे नॅनोसेकंदाच्या एक तृतीयांशाहूनही कमी काळ टिकते. मदरबोर्डवरील तांब्याच्या वाटेने तेवढ्या काळात विद्युत्-संकेत पाच सेंटिमीटरही पुढे जात नाही. म्हणजे प्रोसेसरपासून पट्टीपर्यंतच्या वाटेवर एकाच वेळी एकाहून अधिक बिटे प्रवासात असू शकतात! अशा वाटेवर कोठेही अडथळा आला की विहिरीत हाक मारावी तसा प्रतिध्वनी उठतो, आणि आधीच्या बिटाचा प्रतिध्वनी नंतरच्या बिटात मिसळतो. एका वाटेवर दोन पट्ट्या असल्या, त्यांतील एकीवर चिपांचा एकच गट व दुसरीवर दोन गट असले, तर प्रत्येकीचा विद्युत्‌भार निराळा पडतो व प्रतिध्वनी वाढतात. चार खोबण्यांच्या अनेक मदरबोर्डांवर दोनच पट्ट्या असता त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खोबणीत बसवाव्यात असे पुस्तिकेत लिहिलेले असते ते याचमुळे. वाटेच्या टोकाची खोबणी रिकामी राहिली तर लोंबते टोक प्रतिध्वनी करते. डीडीआर ५ पिढीत वेग वाढल्याने ही अडचण अधिकच तीव्र झाली आहे. एएमडी कंपनीच्या रायझेन ७००० मालिकेतील प्रोसेसरांसाठी दोन पट्ट्या असता ५२०० आणि चार असता ३६०० असा अधिकृत वेग सांगितला आहे; आणि तोही पट्ट्या एकसारख्या असताना.

आता बिघाडाच्या लक्षणांकडे वळू. निळा पडदा, जो विंडोज प्रणालीच्या २०२५ मधील सुधारणेनंतर काळा झाला आहे, त्यावर कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’ असे शब्द दिसतात, कधी दुसरेच. आज लेखनाचा कार्यक्रम बंद पडतो, उद्या चित्रांचा, परवा प्रणालीच सुरू होत नाही. उतरवून घेतलेली दाबबंद फाइल उघडताना ती सदोष असल्याचा संदेश येतो. तीच पुन्हा उघडली तर उघडते. लक्षणांची ही विसंगतीच महत्त्वाची खूण होय. एकच कार्यक्रम, एकच कृती करताना, प्रत्येक वेळी बंद पडत असेल तर दोष बहुधा त्या कार्यक्रमात असतो. निरनिराळे कार्यक्रम निरनिराळ्या वेळी कोसळत असतील तर स्मृतीचा संशय घ्यावा, कारण दोन पट्ट्यांवर मजकूर आळीपाळीने विखरून ठेवला जातो आणि चुकलेले बिट कोणाच्या वाट्यास येईल याचा नेम नसतो.

परंतु कोसळणे हे या बिघाडाचे सर्वांत मोठे अनिष्ट नव्हे. कोसळलेले यंत्र निदान ओरडून सांगते. चुकलेले बिट एखाद्या हुकमात पडले तर यंत्र कोसळते. ते आपल्या मजकुरात पडले तर काहीच होत नाही, आणि चुकलेला मजकूर निमूटपणे तबकडीवर लिहिला जातो. संगणकात देवनागरी अक्षरांना जे क्रमांक दिलेले आहेत त्यांत ‘क’ आणि ‘ग’ यांत एकाच बिटाचा फरक आहे. त्या बिटाने कूस बदलली की ‘काय’ची ‘गाय’ होते. वाचणाऱ्याला हसू येईल आणि चूक दुरुस्त होईल. पण ‘१’ आणि ‘९’ या अंकांतही एकाच बिटाचे अंतर आहे. वर्गणीच्या नोंदीतील १०० चे ९०० झाले, किंवा विद्यार्थ्याच्या ९१ गुणांचे ११ झाले, तर ते पाहून कोणाला हसू येणार नाही, आणि संशय येण्यासारखेही त्यात काही नाही. म्हणून संशय येताच पहिली गोष्ट करावयाची ती ही की, त्या यंत्रावर नोंदी करण्याचे थांबवावे. तपासणी पुरी होईपर्यंत देवघेव कागदाच्या वहीत लिहावी. जुनी सुरक्षित प्रत असेल तर तिच्यावर नवी प्रत चढवू नये. सावधगिरी म्हणून रोज नवी प्रत घेणारे लोक येथेच फसतात. त्या प्रतीत चूकही इमानाने उतरते.

मोठ्या संस्थांच्या संगणकांत यावर उपाय असतो. तेथील पट्टीत ६४ बिटांच्या जोडीला ८ अधिक बिटे असतात व त्यांच्या आधारे एका बिटाची चूक जागच्या जागी सुधारता येते. घरगुती मदरबोर्डांत ही सोय क्वचितच असते. डीडीआर ५ च्या चिपांत अंतर्गत दुरुस्तीची व्यवस्था आहे खरी. पण ती चिपच्या पोटातील चुकांपुरती. चिप ते प्रोसेसर या वाटेवर झालेली चूक तिच्या कक्षेत येत नाही, आणि मिश्रणातील पुष्कळशा चुका तर वाटेवरच होतात. जुन्या बाजारात मोठ्या संगणकांतून काढलेल्या नोंदणीयुक्त पट्ट्या स्वस्त मिळतात. डीडीआर ४ पिढीतील अशी पट्टी घरगुती खोबणीत बसते, परंतु यंत्र सुरू होत नाही. स्वस्ताई पाहून त्या घेऊ नयेत. भिन्न पिढ्यांच्या पट्ट्या मात्र एकमेकींच्या खोबणीत बसतच नाहीत, कारण त्यांची खाच निराळ्या जागी असते. तेव्हा बळ लावू नये.

तपासणीचे तत्त्व एकच आहे, आणि ते प्रयोगशाळेतील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वेग कमी केला, खोबणी बदलली आणि बायॉस नवे घातले, हे सर्व एकाच दुपारी केले व बिघाड थांबला, तर कशाने थांबला हे कधीच कळणार नाही, आणि तो पुन्हा उद्भवला तर आरंभापासून सुरुवात करावी लागेल. जवळ वही ठेवून काय बदलले, किती वेळ चालविले, काय झाले, हे लिहीत जावे.

हात घालण्यापूर्वी संगणक बंद करून विजेची तार भिंतीपासून वेगळी करावी, आणि पेटीच्या धातूच्या सांगाड्यास हात लावून अंगावरील स्थिरविद्युत् उतरवावी. उन्हाळ्यातील दिल्लीच्या कोरड्या हवेत ही खबरदारी विशेष घ्यावी. आपणांस जाणवतही नाही एवढी ठिणगी चिपला पुरते. पट्ट्या काढून पुन्हा नीट बसविल्यानेच कधी कधी बिघाड जातो, कारण धुळीने संपर्क अपुरा झालेला असतो. पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र आहे. मऊ रबराने हलकेच पुसून कण झटकून टाकले तर त्यात फारसे वावगे नाही, मात्र रोजचा उपचार म्हणून ते करू नये. त्या दातांवरील सोन्याचा थर अतिशय पातळ असतो.

मग प्रथम नवी पट्टी काढावी, हाताने भरलेला वेग पुसून सर्व मांडणी मूळपदावर आणावी, आणि जुनी एकटीच चालवून पाहावी. आता यंत्र स्थिर राहिले तर संशय नव्या पट्टीवर व मिश्रणावर येतो. आताही कोसळत असेल तर मूळ दोष पूर्वीपासूनचा आहे, आणि नव्या पट्टीला उगाच बोल लागला. नंतर जुनी काढून त्याच खोबणीत नवी एकटी बसवावी. ही एकटी असतानाच चुकली तर ती सदोष आहे. ती दुकानी परत करावी. दोघी एकट्या असता निर्दोष ठरल्या, तर एक पट्टी दुसऱ्या खोबणीत बसवून ती खोबणी तपासावी. ही पायरी लोक गाळतात आणि पुष्कळदा खोबणीचा दोष पट्टीच्या माथी मारतात. तिन्ही परीक्षांत यंत्र उत्तीर्ण झाले आणि दोघी एकत्र येताच नापास झाले, तरच मिश्रणाचा दोष सिद्ध झाला असे म्हणावे.

या परीक्षा नुसत्या वापराने घेऊ नयेत. मेमटेस्ट ८६ हा कार्यक्रम ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ साली प्रथम लिहिला. त्याच्या आजच्या आवृत्त्या, तसेच त्यापासून निघालेला मुक्त कार्यक्रम मेमटेस्ट ८६ प्लस, पेनड्राइव्हवरून प्रणाली सुरू न करताच चालविता येतात. ते स्मृतीत निरनिराळे नमुने लिहून पुन्हा वाचतात व जुळवून पाहतात. विंडोजमध्ये अंगभूत असलेली स्मृतिपरीक्षाही आहे, परंतु ती थोडक्यात आटोपते. काठावरची चूक एका फेरीत सापडेलच असे नाही, म्हणून परीक्षा रात्रभर चालू द्यावी. फलित वाचताना एवढेच ध्यानात ठेवावे की एक चूक हीदेखील चूकच; अब्जावधी बिटांत एकच चुकले म्हणून समाधान मानण्याचे कारण नाही. उलट एकही चूक न सापडणे हा निर्दोषपणाचा पूर्ण पुरावा नव्हे. मे-जूनच्या दुपारी बंद खोलीत चालणारे यंत्र आणि जानेवारीच्या रात्री तपासलेले यंत्र यांत चिपांच्या तापमानाचा फरक असतो, आणि उष्णतेने गळती वाढते हे वर आलेच आहे.

मिश्रणाचा दोष ठरल्यावर उपाय फारसे अवघड नाहीत. वेग मंद पट्टीच्या प्रमाणित वेगावर ठेवावा. आपल्या उदाहरणात २४००. ३२०० वरून २४०० वर आल्याने वाचनालयाच्या सूचीचे काम डोळ्यांना जाणवेल इतके मंद होत नाही. स्मृती ८ ची १६ गिगाबाइट झाल्याचा लाभ त्याहून कितीतरी मोठा असतो. नव्या पट्टीलाही २४०० वर १३.७५ नॅनोसेकंदच लागतात, म्हणजे साडेसोळा ठोके. ते १७ धरले की दोघींची गाठ पडते. यानेही न भागल्यास पट्ट्यांची अदलाबदल करावी, पुस्तिकेत सांगितलेल्या खोबण्यांतच त्या आहेत ना ते पाहावे, आणि मदरबोर्डच्या निर्मात्याने बायॉसची नवी आवृत्ती काढली असल्यास ती घालावी; तिच्यात स्मृतीसंबंधीच्या सुधारणा पुष्कळदा असतात. दाब वाढविण्याचा उपाय हौशी मंडळी सुचवितात. पट्टीवर छापलेल्या दाबापलीकडे जाऊ नये, आणि सार्वजनिक संस्थेच्या यंत्रावर तर तो प्रयोगच करू नये. एवढ्यानेही यंत्र रात्रभराची परीक्षा निर्दोष उतरत नसेल, तर एक पट्टी काढून टाकावी. ८ गिगाबाइटचे भरवशाचे यंत्र १६ गिगाबाइटच्या बेभरवशाच्या यंत्रापेक्षा केव्हाही बरे. काढलेली पट्टी शाळेतील दुसऱ्या संगणकात सुखाने चालेल.

मिश्रणाखेरीज अन्य कारणांनीही बिटे चुकतात. चिपच्या आवरणातील किरणोत्सारी अशुद्धीतून निघणारे अल्फा कण बिट उलटवू शकतात, हे १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंटेलमधील संशोधकांनी दाखविले. विश्वकिरणांपासून उद्भवणारे कणही तेच करतात. गूगल कंपनीच्या संगणकांवरील २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षाकाठी ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत निदान एक तरी सुधारण्याजोगी चूक आढळली. वीजपुरवठ्याचा खोका अशक्त झाला असला किंवा तबकडी झिजली असली तरी लक्षणे पुष्कळशी अशीच दिसतात. पट्टी बदलल्यानंतर लगेच सुरू झालेला बिघाड आणि वर्षभर हळूहळू वाढलेला बिघाड यांतील फरक म्हणूनच आरंभी विचारून घ्यावा.

राहिला प्रश्न मधल्या दिवसांत लिहिलेल्या नोंदींचा. यंत्र सुधारले म्हणून त्या सुधारत नाहीत. नवी पट्टी बसविल्याची तारीख आणि बिघाड दूर झाल्याची तारीख वहीतून काढावी, आणि त्या दरम्यान लिहिल्या किंवा बदलल्या गेलेल्या फाइली तारखेच्या क्रमाने लावून घ्याव्यात. पट्टी बसविण्यापूर्वीची सुरक्षित प्रत असल्यास तिच्याशी ताडून पाहावे. जेथे फरक आहे आणि तो कोणी जाणूनबुजून केलेला नाही, तेथे जुना मजकूर प्रमाण मानावा. वर्गणीची बेरीज पावतीपुस्तकाशी जुळवावी. प्रत नसेल तर कपाटातील पुस्तके मोजण्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्या कामी शाळेतील दोन वर्ग एक दुपार लावले तर ते पुरे होते.